इलेक्ट्रिक स्कूटर घ्या, पण पाऊस आणि मीठ दोन्ही बघून घ्या



१ जून ते ३१ जुलै बंदी, होड्या किनाऱ्यावर. पण घरच्यांची ये-जा कुठे थांबते? पोरीचं कॉलेज, सुनेची नोकरी, बाजारहाट चालूच. पेट्रोलचा खर्च बघून बरेच जण विचारतात, इलेक्ट्रिक स्कूटर पावसात चालेल का?

माझा भाचा भोपाळला बिट्टन मार्केटजवळ राहतो. दोन पावसाळे त्याने रोज ऑफिसला अशीच स्कूटर नेली, काही त्रास नाही. तो म्हणतो, "मामा, बिनधास्त घ्या." घ्यावी हे माझंही मत. पण भोपाळला वर्षाला साधारण १,१०० मिलिमीटर पाऊस, आपल्या रत्नागिरीत ३,००० च्या वर. शिवाय तिथे रस्त्यावर साचतं ते गोडं पाणी. आपल्याकडे हवेत मीठ, बंदरावर मीठ, मासळीच्या टपातून गळणाऱ्या पाण्यातही मीठ. म्हणून त्याचा सल्ला आपल्याला अर्धाच पुरतो.

पहिली गोष्ट नंबर प्लेटची. २५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल तरच स्कूटरला पासिंग, लायसन लागत नाही. काही विक्रेते अशीच गाडी विकतात आणि वर "वायर काढून वेग वाढवून देतो" म्हणतात. वेग वाढला की ती कायद्याने मोटार वाहन झाली, तीही बिनपासिंगची, बिनविम्याची. कुणाला धडक बसली तर भरपाई आपल्या खिशातून. होडी विकायची पाळी येईल. मोठ्या रस्त्यावर जायचं तर हिरव्या प्लेटवर पांढरे आकडे असलेली, रीतसर पासिंगची गाडीच घ्या.

दुसरं, पाणी. दुकानदार "आयपी ६७" सांगेल. म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं ठेवली तरी आत पाणी जात नाही. पण ही चाचणी साध्या पाण्यातली. हे रेटिंग बॅटरीला आहे की मोटरलाही, हे विचारा. बॅटरी एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाची आहे का, तेही बघा. २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला इयन वादळात समुद्राचं पाणी शिरलेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी नंतर पेट घेतला होता. उधाणाचं पाणी गाडीत शिरलं तर चार्जिंगला लावू नका, घरापासून लांब उभी करा आणि आधी मेकॅनिकला दाखवा.

तिसरं खास आपलं. बऱ्याच स्कूटरमध्ये बॅटरी पायाखालच्या फळीखाली असते. त्याच फळीवर आपण मासळीचा टप ठेवतो. ते खारं पाणी हळूहळू जोडांना गंज चढवतं. गाडी ऑफिस-कॉलेजसाठी ठेवा, टपाला टेम्पो किंवा जुनी पेट्रोलची गाडी बरी. संध्याकाळी गोड्या पाण्याने अंग पुसा, जोराचा पाइप मारू नका.

चौथं, विमा. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा ५ वर्षांचा मिळतो, पण तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. पुरात आपली गाडी गेली तर पैसे देतो तो ओन डॅमेज. तो साधारण वर्षभराचा असतो, नूतनीकरण विसरू नका.

आणि चालवताना इको मोडमध्ये ठेवा. इलेक्ट्रिक गाडी मूठ पिळताच जोर धरते. मच्छी मार्केटच्या ओल्या, खवल्यांच्या रस्त्यावर मागचं चाक लगेच घसरतं.

एका चार्जवर किती किलोमीटर, हे सगळेच विचारतात. मी म्हणतो, आधी विचारा की सर्व्हिस सेंटर तालुक्यात आहे का. इंजिन बिघडलं तर आपला तांडेल भर समुद्रात खटपट करून होडी घरी आणतो. या गाडीचं तसं नाही, ती कंपनीच्या माणसालाच कळते. तो माणूस जवळ नसेल तर सवलत कितीही असो, हप्ते भरत गाडी दारात उभी राहील.

ज्यांच्या गाडीने किनाऱ्यावर दोन पावसाळे काढलेत, त्यांनी अनुभव जरूर लिहा. बंदीच्या महिन्यात हप्ता डोक्यावर घेणाऱ्याला त्याचा आधार होईल.