शेतकरी काढ म्हटलं की...

आज संध्याकाळी एक करून पाहा. लेकराच्या हाती वही द्या आणि म्हणा, "शेतकरी काढ." बहुतेक लेकरं डोक्याला पटका, हातात आसूड असा गडी काढतील. मग विचारा, "आपल्या सोयाबीनची खुरपणी कुणी केली? गोठ्यातलं शेण कुणी काढलं? देवणी गाईला वैरण कुणी टाकली?" लेकरू म्हणेल, "मायनं." मग माय चित्रात का नाही?

दोष लेकराचा नाही, आपल्या बोलण्याचा आहे. पाव्हणा विचारतो, "घरच्या काय करतात?" आपण सांगतो, "काही नाही, घरीच असते." दिवसभर वाफ्यात वाकलेली बाई एका वाक्यात घरी बसते! पोरगा रडला की "पोरीसारखा काय रडतोस?" आणि पोरगी धीट निघाली की "अगदी पोरासारखी आहे." म्हणजे रडणं पोरीच्या वाट्याला, हिंमत पोराच्या. लेकरू हे सारं ऐकतं आणि खरं धरतं.

बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. चांगलंच झालं. पण शाळा पाच-सहा तासांची, घरचं बोलणं उरलेल्या दिवसाचं.

"नुसत्या शब्दानं काय बिघडतं?" असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं : जिला आपण शेतकरी म्हणत नाही, तिचं नाव सातबाऱ्यावर घालायचंही आपल्याला सुचत नाही. घरधनी गेला की तीच बाई आपल्याच रानासाठी कागद घेऊन हेलपाटे घालते. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. पुढं शरद जोशींच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत अनेक गावांतल्या गड्यांनी आपणहून जमिनीचा वाटा बायकोच्या नावे केला. आधी ती शेतकरी म्हणून नजरेला दिसली, मग कागदावर आली.

तेव्हा गुरुजींनी वर्गात आणि आपण घरी एक खेळ खेळावा. वाक्य उलटून म्हणायचं : "बाबा भाकरी थापतात, आई बैलबाजाराला जाते." लेकरं हसतील. हसली की शांतपणे विचारा, "यात हसण्यासारखं काय?" उत्तर त्यांनाच शोधू द्या.

आणि पुढच्या खेपेला पाव्हण्यानं विचारलं, तर लेकरासमोर सांगा, "आम्ही दोघंही शेतकरी."