‘स्टारफ्लीट अकॅडमी’ : नव्या ‘स्टार ट्रेक’वरून चाहते एवढे का भांडतायत?

जानेवारीत अमेरिकेत एका टीव्ही मालिकेवरून वाद पेटला आणि त्यात थेट व्हाइट हाउसमधल्या माणसाने उडी घेतली.

स्टीफन मिलर हे डोनाल्ड ट्रम्प यांचे डेप्युटी चीफ ऑफ स्टाफ. अमेरिकेच्या कडक स्थलांतर धोरणामागचा माणूस अशी त्यांची ओळख. त्यांनी ‘स्टार ट्रेक’च्या नव्या मालिकेच्या क्लिपवर ‘एक्स’वर पोस्ट केली. सूर असा, की फार वाईट झालं, पण अजून वेळ गेलेली नाही. पॅरामाउंट कंपनीने विल्यम शॅटनर यांच्याशी जुळवून घ्यावं आणि सगळी सूत्रं त्यांच्या हातात द्यावीत.

शॅटनर म्हणजे ६० वर्षांपूर्वीचे कॅप्टन कर्क. तेव्हा वय वर्षं ९४. त्यांनी उत्तर दिलंही, पण मिलर यांना हवं होतं तसं नाही. मालिकेत होली हंटर चष्मा लावून वावरतात. शॅटनर यांनी तोच मुद्दा पकडला, की ३२वं शतक उजाडलं तरी जवळचं दिसण्यावर इलाज निघाला नाही, हे खरंच अक्षम्य आहे. सरळसरळ टिंगल होती.

इथपर्यंतचा भाग सोशल मीडियावर भरपूर फिरला. पण चाहत्यांमधलं भांडण या पोस्टच्या आधीपासून सुरू होतं, आणि ते एका मुद्द्यावरचं भांडण नाही.

मालिका नेमकी कशाबद्दल आहे?

‘स्टार ट्रेक’ कधीच न बघितलेल्यांसाठी थोडक्यात. ही १९६६ साली सुरू झालेली अमेरिकन मालिका. भविष्यात माणसाने पृथ्वीवरची गरिबी आणि युद्धं संपवलीत, वेगवेगळ्या ग्रहांवरच्या लोकांनी मिळून ‘फेडरेशन’ बनवलंय आणि त्याची ‘स्टारफ्लीट’ नावाची संस्था अंतराळात शोधमोहिमा काढते, ही मूळ कल्पना. तेव्हापासून डझनभर मालिका आणि सिनेमे आले. आपल्याकडेही ८०च्या दशकात दूरदर्शनवर मूळ मालिका लागायची. आज पन्नाशीत असलेल्या अनेकांना टोकदार कानांचा स्पॉक तिथूनच माहिती आहे.

‘स्टारफ्लीट अकॅडमी’ १५ जानेवारी २०२६ला पॅरामाउंट प्लसवर सुरू झाली. काळ ३२व्या शतकाचा. आधी ‘द बर्न’ नावाची आपत्ती येऊन गेली आहे. यानांना पळवणारं डायलिथियम एका क्षणात निकामी झालं, असंख्य यानं फुटली आणि फेडरेशनचे तुकडे झाले. आता शंभरहून जास्त वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोमधली अकॅडमी पुन्हा उघडते आणि पहिली बॅच दाखल होते.

होली हंटर यांनी साकारलेली नाला एक ही या अकॅडमीची प्रमुख. तिचं वय ४००च्या वर आहे. पंधरा वर्षांपूर्वी तिने दिलेल्या एका निर्णयामुळे केलेब नावाच्या लहान मुलाची आणि त्याच्या आईची ताटातूट झाली होती. तोच केलेब आता तिच्या हाताखाली विद्यार्थी आहे. खलनायक नूस ब्राका हा अंतराळातला चाचा, आणि ती भूमिका केलीय पॉल जियामाटी यांनी. म्हणजे ऑस्कर विजेती नायिका, ऑस्कर नामांकन मिळालेला खलनायक. कलाकारांच्या बाबतीत हात आखडलेला नाही.

मग चिडलेत कोण?

एक गट असा आहे, ज्याला मालिका ‘वोक’ वाटते. स्त्री प्रमुख, वेगवेगळ्या वंशांचे कलाकार, समलिंगी पात्रं, हे सगळं जबरदस्तीने घुसवलंय असं त्यांचं म्हणणं. मिलर यांची पोस्ट याच गटात सगळ्यात जास्त शेअर झाली.

या गटाची अडचण अशी, की ते ज्या जुन्या ‘स्टार ट्रेक’चा दाखला देतात ती मालिका तिच्या काळात कमी राजकीय नव्हती. शीतयुद्ध ऐन भरात असताना त्या यानावर चेकॉव्ह नावाचा रशियन अधिकारी होता. सुलूचं काम करणारे जॉर्ज टाकेई लहानपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जपानी वंशाचे म्हणून कुटुंबासह अमेरिकन छावणीत डांबले गेले होते. उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडणार होत्या, तेव्हा त्यांना थांबवणारे होते मार्टिन ल्यूथर किंग. नोव्हेंबर १९६८ मध्ये कर्क आणि उहुराचं चुंबन दाखवलं गेलं आणि अमेरिकन टीव्हीच्या इतिहासात त्याची नोंद झाली. त्या दृश्यातले कर्क म्हणजे हेच शॅटनर, ज्यांच्या हातात सूत्रं द्या असं मिलर म्हणतायत.

अर्थात जुनी मालिका सगळ्याच बाबतीत पुढारलेली होती असंही नाही. जून १९६९मध्ये दाखवलेल्या तिच्या शेवटच्या एपिसोडचा सगळा डोलारा, यानाचं कप्तानपद बाईला मिळत नाही, या गोष्टीवर उभा आहे. स्त्री कप्तान मालिकेची नायिका व्हायला १९९५चं ‘व्हॉयेजर’ यावं लागलं.

पण चिडलेला दुसरा गट वेगळा आहे, आणि बातम्यांमध्ये तो जवळपास दिसतच नाही. यात स्त्री कप्तान, कृष्णवर्णीय कप्तान आवडीने बघितलेले लोक आहेत. त्यांची तक्रार लिखाणाबद्दल आहे. ३२व्या शतकातली मुलं आजच्या कॉलेज कट्ट्यासारखं का बोलतात? प्रत्येक गंभीर क्षणाला जोक का? प्रमुख बाई कप्तानाच्या खुर्चीत अनवाणी, पाय वर घेऊन का बसते? (या खुर्चीवर जेवढी चर्चा झाली, तेवढी अख्ख्या पहिल्या एपिसोडच्या कथेवर झाली नसेल.) यांना ही मालिका अंतराळातला टीनएज ड्रामा वाटते.

त्यांची आणखी एक तक्रार जुनी आहे. ‘द बर्न’ ही कल्पना ‘डिस्कव्हरी’ या आधीच्या मालिकेतून आली आणि तिथे तिचं कारण काय निघालं, तर आईच्या मृत्यूने कोसळलेल्या एका मुलाचा आक्रोश. अर्धी आकाशगंगा एका किंकाळीने ठप्प! अनेकांना ते तेव्हाही पटलं नव्हतं, आणि नवी मालिका त्याच पायावर उभी आहे.

तिसरा गट म्हणजे मालिका आवडलेल्यांचा. त्यांना जेडेन क्राग हे पात्र विशेष आवडलंय. क्लिंगॉन म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधली लढवय्यी जमात, जेडेन त्या जमातीचा, पण त्याला लढायचं नाही, उपचार करायला शिकायचंय. चौथ्या एपिसोडमध्ये तर क्लिंगॉन निर्वासित होऊन नामशेष व्हायला आलेत. फेडरेशन त्यांना राहायला ग्रह देऊ करतं, पण भीक म्हणून ते घेणार नाहीत. मदत करायची आणि समोरच्याचा मानही राखायचा, हा पेच त्या एपिसोडच्या मध्यभागी आहे. जुन्या चाहत्यांनी ‘हे खरं ट्रेक’ म्हणावं असा हा विषय. पुढच्याच एपिसोडमध्ये ‘डीप स्पेस नाइन’च्या कॅप्टन सिस्कोचा शोध घेतलाय आणि त्यात सिस्कोच्या मुलाचं काम केलेले सिरॉक लॉफ्टन परत दिसतात. तोपर्यंत नाकं मुरडणारे काही जण तिथे विरघळले.

रेटिंगचा आकडा काय सांगतो?

‘रॉटन टोमॅटोज’वर समीक्षकांनी मालिकेला चांगले गुण दिलेत. प्रेक्षकांचा आकडा त्याच्या बराच खाली आहे. दोन्ही बाजू हाच स्क्रीनशॉट नाचवतात. एक म्हणते, बघा, लोकांनी नाकारली. दुसरी म्हणते, हे रिव्ह्यू बॉम्बिंग आहे, म्हणजे मालिका न बघता ठरवून दिलेले वाईट गुण.

हा संशय हवेतला नाही. २०१९मध्ये ‘कॅप्टन मार्व्हल’च्या वेळी सिनेमा यायच्या आधीच नकारात्मक प्रतिक्रियांचा मारा झाला, तेव्हा या वेबसाइटने प्रदर्शनाआधीच्या कमेंट बंद केल्या. नंतर सिनेमांसाठी तिकीट खरेदी तपासून ‘व्हेरिफाइड’ रेटिंगही आणलं. पण घरबसल्या बघायच्या मालिकेला तिकीट कुठून आणणार? कोणी एपिसोड बघितलाय आणि कोणी फक्त क्लिप बघून राग काढलाय, हे त्या आकड्यात वेगळं करता येत नाही.

नुकसान होतं ते या गोंधळात अडकलेल्या साध्या प्रेक्षकाचं. मन लावून दोन एपिसोड बघितलेल्या माणसाने ‘संवाद उथळ आहेत’ असं लिहिलं, की त्याला वर्णद्वेष्ट्यांच्या रांगेत उभं केलं जातं. ‘मला आवडली’ लिहिणाऱ्याला ‘कंपनीने किती पैसे दिले?’ असा प्रश्न येतो. त्यामुळे खरी टीका करणारा गप्प बसतो आणि ज्याला मालिकेशी देणंघेणं नाही त्याचाच आवाज मोठा होतो.

‘प्रत्येक नव्या ट्रेकला आधी शिव्याच पडतात’

मालिकेच्या बाजूने सगळ्यात जास्त वापरला जाणारा युक्तिवाद हा. त्यात तथ्य आहे. १९८७मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’ आली तेव्हा कर्क-स्पॉकशिवाय ट्रेक ही कल्पनाच अनेकांना सहन झाली नव्हती. १९९३च्या ‘डीप स्पेस नाइन’वर आक्षेप होता, की हे एका जागी उभं असलेलं अंतराळ स्थानक आहे, मग यात ‘ट्रेक’ कुठे? गंमत म्हणजे अकॅडमीची कल्पनाही नवी नाही. निर्माते हार्व बेनेट यांनी ८०च्या दशकाच्या अखेरीस कर्क आणि स्पॉकच्या कॉलेजच्या दिवसांवर सिनेमा काढायचं ठरवलं होतं. त्यालाही विरोध झाला आणि तो बारगळला.

‘नेक्स्ट जनरेशन’ पुढे ७ सीझन आणि १७८ एपिसोड चालली आणि आज तिला मानाचं पान मिळतं. म्हणून थोडा धीर धरा, हीही आवडेल, असं समर्थक सांगतात.

पण इथे हिशेब चुकतो. ‘नेक्स्ट जनरेशन’चे पहिले दोन सीझन कच्चे होते हे तिचे कट्टर चाहतेही मान्य करतात. त्या दोन सीझनमध्ये एपिसोड किती? ४८. मालिकेचा सूर सापडला तिसऱ्या सीझनमध्ये. बोर्ग नावाचे शत्रू कॅप्टन पिकार्डलाच पळवून नेतात, तो प्रचंड गाजलेला एपिसोड जून १९९०चा, क्रमांक ७४.

आताची मालिका वर्षाला १० एपिसोड देते. या वेगाने ७४वा एपिसोड आठव्या सीझनमध्ये येईल. सध्याची सगळ्यात लोकप्रिय ट्रेक मालिका ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ पाच सीझनमध्ये संपणार हे जाहीर झालंय. शेवटचा सीझन ६ एपिसोडचा, एकूण एपिसोड ४६. म्हणजे ‘नेक्स्ट जनरेशन’ला चुका करायला जेवढी जागा मिळाली, तेवढ्यात आजची यशस्वी मालिका गुंडाळली जाते.

आणि धीर धरूनही जमलं नाही असंही झालंय. २००१ची ‘एंटरप्राइझ’ चौथ्या सीझनमध्ये सुधारली असं बऱ्याच चाहत्यांचं मत आहे, पण २००५मध्ये त्याच सीझननंतर ती बंद पडली.

कंपनीचं काय चाललंय?

मिलर यांच्या पोस्टकडे नुसता विनोद म्हणून बघता येत नाही ते यामुळे.

पॅरामाउंट ऑगस्ट २०२५मध्ये स्कायडान्समध्ये विलीन झाली आणि सूत्रं डेव्हिड एलिसन यांच्याकडे आली. त्याआधी जुलैत कंपनीने ट्रम्प यांनी दाखल केलेला खटला १.६ कोटी डॉलर देऊन मिटवला होता. विलीनीकरणाला अमेरिकेच्या प्रसारण नियामकाची मंजुरी लागत होती. ती मिळवताना स्कायडान्सने विविधता आणि समावेशाचे म्हणजे ‘डीईआय’ कार्यक्रम ठेवणार नाही असं लिहून दिलं. डिसेंबरमध्ये याच कंपनीने वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी विकत घेण्यासाठी बोली लावली. एवढे मोठे व्यवहारही सरकारी नियामकांच्या नजरेखालून जातात.

अशा वेळी व्हाइट हाउसमधला वजनदार माणूस याच कंपनीला तिची मालिका कोणाच्या हातात द्यावी हे जाहीरपणे सांगतो. त्या पोस्टमुळे कंपनीने काही बदल केला, असं दाखवणारं काहीही समोर आलेलं नाही. पण मालिका बंद झाली, तर ती प्रेक्षक मिळाले नाहीत म्हणून झाली की कोणाला खूश करायला, हा प्रश्न चाहते विचारणारच. स्ट्रीमिंग कंपन्या कोणत्या मालिकेचे किती एपिसोड किती जणांनी पूर्ण बघितले हे सहसा सांगत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या माणसाला ते तपासताही येणार नाही.

१९६८मध्ये हा मामला वेगळा होता. मूळ मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागल्यावर बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने चाहत्यांना पत्रं लिहायला लावली. एनबीसीकडे पत्रांचा एवढा ढीग आला, की मालिका सुरू राहणार असं वाहिनीला टीव्हीवर जाहीर करावं लागलं. तिसरा सीझन मिळाला, पण वाहिनीने तो शुक्रवारी रात्री १०ला ढकलला. तरुण प्रेक्षक त्या वेळी घरात नसायचा. मालिका त्याच सीझनला संपली.

‘स्टारफ्लीट अकॅडमी’चा दुसरा सीझन सुरक्षित होता, कारण त्याला पहिला दिसायच्या कितीतरी आधी, २०२४मध्येच मंजुरी मिळाली होती. ऑनलाइन चाललेल्या भांडणाचा परिणाम झालाच, तर तो तिसऱ्या सीझनवर होणार होता. तो मिळणार की नाही, हे मालिका सुरू झाली तेव्हा पॅरामाउंटने सांगितलेलं नव्हतं.