तरुणांच्या ताटात वाढतो कोण?

तरुण पिढी वेळीअवेळी खाते, तेलकट खाते आणि शरीराला कष्ट म्हणून देत नाही, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. डॉक्टर ती करतात, वडीलधारी मंडळी करतात, आणि शासनही अधूनमधून एखादे अभियान काढून तिला दुजोरा देते. २०१९ साली केंद्र सरकारने ‘फिट इंडिया’ची घोषणा केली, तेव्हाही सगळा भर व्यक्तीच्या निश्चयावर होता. मनावर घेतले की शरीर सुधारते, असा या उपदेशाचा मथितार्थ. परंतु कोट्यवधी तरुणांचे मन एकाच दशकात एकदम दुबळे झाले, असे मानण्यास आधार कोणता? एकाच काळात, एकाच प्रकारे इतक्या माणसांच्या सवयी बदलतात, तेव्हा कारण माणसांच्या स्वभावात नव्हे, तर त्यांच्या परिस्थितीत शोधावे लागते.

परिस्थिती गंभीर आहे, यात शंका नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा अधिक वजनाचे आहेत. त्याच पाहणीत जवळजवळ १९ टक्के स्त्रिया आणि १६ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा कृश आढळले, आणि ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचा अंदाज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अभ्यासाने २०२३ साली प्रसिद्ध केला. अतिपोषण आणि कुपोषण एकाच देशात, एकाच वस्तीत, पुष्कळदा एकाच घरात नांदत आहेत. हा चंगळवादाचा रोग आहे असे म्हणून तो श्रीमंतांच्या नावावर टाकता येत नाही. स्वस्त पिठूळ आणि तळलेल्या अन्नाने पोट भरते, वजन वाढते, पण शरीराचे पोषण होत नाही. हा प्रकार गरिबीचाच नवा चेहरा आहे.

संगतीचा परिणाम खाण्यापिण्यावर होतो, हे आपल्याकडे पूर्वापार ठाऊक आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील १२ हजारांहून अधिक माणसांचा ३२ वर्षांचा वृत्तान्त तपासून २००७ साली दोन संशोधकांनी असे दाखविले की, एखाद्याचा मित्र स्थूल झाला तर तोही स्थूल होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. या निष्कर्षावर पुढे आक्षेपही घेतले गेले. एकाच वस्तीत राहणारे, एकाच दुकानात खाणारे मित्र एकाच वेळी जाड होत असतील, तर दोष मित्राचा की वस्तीचा, हा त्यांतील मुख्य आक्षेप होय. त्यात तथ्य आहे. मित्रमंडळ आकाशातून पडत नाही. ते एकत्र कोठे बसते, त्याच्या खिशात किती पैसे असतात आणि त्याला मोकळा वेळ किती मिळतो, यांवर त्याच्या सवयी ठरतात.

कामाचे स्वरूप शरीर कसे घडविते, याचा जुना दाखला लंडनच्या बसगाड्यांतला आहे. जेरी मॉरिस या वैद्यकाने १९५३ साली असे दाखवून दिले की, दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार पुष्कळच कमी होतो. वाहक काही व्यायामाचे व्रत घेतलेले नव्हते. त्यांच्या नोकरीतच व्यायाम होता.

आता आपल्याकडे पाहावे. पुण्याच्या पेठांतून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुले-मुली राहतात. बहुतेक शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या घरची. खोलीभाडे, अभ्यासिकेचे शुल्क आणि शिकवणी यांतून उरेल तेवढ्यात महिन्याचा डबा लावायचा असतो. घरून पैसे आले नाहीत की पहिली काटकसर डब्यात होते. एका वेळचा डबा बंद होतो, त्याची जागा चहा, बिस्किटे आणि वडापाव घेतात. दिवसाचे दहा-बारा तास खुर्चीवर जातात. जागा मोजक्या आणि उमेदवार लाखोंनी, अशा स्पर्धेत अर्धा तास पळायला गेलेला मुलगा स्वतःलाच अपराधी समजू लागतो. उलट पोलीस भरतीची तयारी करणारी ग्रामीण मुले पहाटे जिवावर उदार होऊन महामार्गाच्या कडेने धावतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याची परीक्षा असते, आणि गावात मैदान नसते. भरती झाली अथवा वय उलटले की धावणे थांबते. व्यायामाची गोडी लागावी अशी व्यवस्था नाही. नोकरीची भीती मात्र आहे.

शहरात घरोघरी जेवण पोचविणाऱ्या तरुणाचे उदाहरण याहून बोलके आहे. दुसऱ्यांची जेवणाची वेळ हीच त्याची कमाईची वेळ. त्यामुळे तो स्वतः दुपारी चारला आणि रात्री बाराला, दुचाकीवर बसूनच काहीतरी खातो. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेपेक्षा अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची सोय मालकावर बंधनकारक करता येत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने ही मर्यादा शंभर कामगारांवर आणली. पण ज्याला कामगार म्हणून नाही तर ‘भागीदार’ म्हणून वागविले जाते, त्याच्यासाठी उपाहारगृह कोणी उघडायचे?

मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. वयात आल्या की पुष्कळ घरांत त्यांचे मैदान सुटते आणि स्वयंपाकघर सुरू होते. २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला २८९ मिनिटे घालवितात, तर घरकामात हात लावणारे पुरुष ८८ मिनिटे. ज्या मुलीला स्वतःचा अर्धा तास मिळत नाही आणि जी सर्वांच्या मागून उरलेले जेवते, तिला व्यायामाचे आणि समतोल आहाराचे महत्त्व सांगणे ही क्रूर थट्टा होय.

बाजार मात्र या सर्वांना ओळखून आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली. त्यात बिस्किटांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणि पाकीटबंद फरसाणावरील १२ वरून ५ टक्क्यांवर आला. व्यायामशाळांच्या शुल्कावरील करही ५ टक्के झाला, हे स्वागतार्ह आहे. पण महिन्याचे शुल्कच ज्याला परवडत नाही, त्याला करकपातीचा लाभ कोणता? फळे, भाज्या यांच्यावर कर नव्हताच, त्यामुळे त्या स्वस्त होण्याचा प्रश्न आला नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हमी दिली ती धान्याची, डाळीची नाही. परिणामी दहा रुपयांत पोटाला आधार देणारी वस्तू तरुणाच्या हाती येते ती पाकिटातली. त्याची निवड अडाणी नाही. त्याच्या मिळकतीत ती अगदी हिशेबी आहे.

मैदानांचीही तीच कथा. मुंबईतील बंद गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीपैकी एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी मिळावी, असा नियम १९९१ मध्ये झाला. २००१ मध्ये तो बदलून वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित केली गेली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. गिरणगावच्या मुलांना मैदाने मिळायची होती, तेथे मॉल उभे राहिले. त्या मुलांनी मॉलमध्ये जाऊन काय खावे, यावर आता व्याख्याने होतात.

उपाय नाहीत असे मुळीच नाही. याच गिरणगावात १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. स्त्रीला उत्पन्न आणि कामगाराला घरचे ताजे जेवण, अशी दोन्ही गरजांची सांगड त्यात होती. तमिळनाडूने २०१३ पासून स्वस्त उपाहारगृहे चालविली, केरळात ‘कुटुंबश्री’च्या स्त्रियांनी २० रुपयांत जेवण दिले, आणि महाराष्ट्रानेही २०२० साली शिवभोजन थाळी आणली. अशा योजना निवडणुकीपुरत्या न राहता महाविद्यालयांच्या, अभ्यासिकांच्या आणि कामाच्या नाक्यांच्या परिसरात कायमच्या रुजल्या पाहिजेत. त्या चालविण्याचे काम बचत गटांच्या हाती द्यावे, आणि डाळ शिधापत्रिकेवर मिळावी.

दुसरी मागणी मैदानांची. प्रत्येक प्रभागात आणि प्रत्येक मोठ्या गावात एक मैदान, त्यावर दिवे आणि मुलींसाठी राखीव वेळ असावी. शाळांची पटांगणे सुटीनंतर खुली ठेवावीत. पूर्वी गावोगावच्या तालमी लोकवर्गणीवर चालत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबागेचे मैदान बांधून घेतले. मातीला शुल्क नव्हते, आणि तालमीत जाणारा पोरगा एकटा नसे. संगत बिघडविते तशी ती घडवितेही. सकाळी चार मित्र एकत्र पळत असतील तर पाचवा आपोआप उठतो, हा अनुभव कोणत्याही अभियानाहून प्रभावी आहे.

म्हणून आपल्या विभागातील कार्यकर्त्यांनी एक साधी पाहणी करावी. वस्तीतील तरुण दुपारी काय खातात, त्याला किती पैसे पडतात, जवळचे मैदान किती अंतरावर आहे आणि त्याचा वापर आज कोण करतो, हे लिहून काढावे. ती यादी घेऊन नगरपालिकेच्या अर्थसंकल्पाआधी नगरसेवकांच्या दारी जावे. तरुणांना उपदेश करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या ताटासाठी आणि मैदानासाठी भांडणारे मात्र फार थोडे आहेत.