टकळीला तीन वर्षे, टॅबलेटला पन्नास तास

१/ ‘शिक्षकांना तंत्रज्ञान वापरता येत नाही, म्हणून मुले मागे पडतात.’ हे विधान हल्ली इतक्या सहजतेने केले जाते की त्याला पुरावा मागावा असेही कोणाला वाटत नाही. आजचा धागा या विधानाविरुद्ध आहे. सुरुवात दोन शतकांपूर्वीच्या धुळीपासून, आणि मुक्काम यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीला.

२/ धूळपाटी सर्वांनी ऐकलेली असते. फळीवर बारीक माती पसरायची, बोटाने अक्षर काढायचे, हात फिरवून पुन्हा कोरी करायची. १७८९ मध्ये मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेची व्यवस्था अँड्र्यू बेल या पाद्र्याकडे आली. जवळच्या एका देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्याने पाहिली आणि आपल्या शाळेतही तसेच करावे असे सांगितले. शिक्षकांनी ते मनावर घेतले नाही. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडे लहान मुलांचा वर्ग सोपवला.

३/ १७९७ साली त्याने लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तांत छापला आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर गाजली. ती वाळूच्या गुणाने गाजली नाही. मोठी मुले लहानांना शिकवतात, एका मास्तरावर शेकडो मुले निभतात आणि पैसा वाचतो, हे तिचे खरे आकर्षण. देशी पंतोजींच्या शाळेतून उचललेली रीत स्वस्त शिक्षणाचे यंत्र होऊन ‘सुधारणा’ या नावाने मुंबई इलाख्यात परत आली. एक चित्रफीत लाखो मुलांना पुरेल, हे आजचे स्वप्न त्याच कुळातले आहे.

४/ १८२६ साली कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली तयार झालेले २४ शिक्षक मुंबईहून जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. त्यानंतर छप्पन्न वर्षांनी, १८८२ मध्ये, महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यातले प्राथमिक शिक्षकांविषयीचे विवेचन अवश्य वाचा. बहुतेक शिक्षक अप्रशिक्षित आहेत, पगार तुटपुंजे आहेत आणि कुणबी-कष्टकऱ्यांच्या जगण्याशी त्यांचा संबंध नाही, ही त्यांची तक्रार. प्रशिक्षण, वेतन आणि मुलांच्या घराशी जवळीक या तीन गोष्टी त्यांनी एकत्रच मागितल्या. पुढच्या प्रत्येक योजनेने त्यांची फारकत केली.

५/ आता वऱ्हाडात येऊ. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यातून डॉ. झाकिर हुसेन समिती आणि नई तालीम उभी राहिली. ढाणकी त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात, म्हणजे वर्ध्याच्याच प्रांतात होती. पंडित रविशंकर शुक्ल यांनी याच प्रांतात विद्यामंदिर योजना आणली आणि १९३८ मध्ये वर्ध्याला तिच्यासाठी शिक्षकांची प्रशिक्षण शाळाही निघाली.

६/ या योजनेतले वर्गातले साधन होते टकळी. (टकळीला तंत्रज्ञान म्हटल्याने हसू येत असेल, तर कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या आजीसमोर हसून पाहा.) सूत मोजताना गणित, कापसाच्या प्रवासातून भूगोल, गिरण्यांच्या कथेतून इतिहास, अशी ती मांडणी होती. हे जमणे सोपे नाही, याची जाणीव समितीला होती. म्हणून तिने शिक्षकासाठी पूर्ण अभ्यासक्रम तीन वर्षांचा सुचवला आणि तातडीची गरज म्हणून धाकटा अभ्यासक्रम एका वर्षाचा.

७/ तीन वर्षे. हातात मावणाऱ्या एका टकळीसाठी.

८/ १९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजनेचा राजकीय आधार गेला. पण माझ्या मते तिचे अपयश केवळ राजकीय नव्हते. शिक्षक घडवायला वेळ लागतो, टकळ्या मात्र लगेच वाटता येतात. जिथे दुसरे आधी झाले, तिथे सूत मोजले गेले आणि गणित मागे राहिले. साधन पोहोचले की काम झाले असे मानण्याची खोड प्रशासनाला फार जुनी आहे.

९/ आजचे माप पाहू. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते. रोज पाच तास धरले तर दहा दिवस. त्याच वर्षी ‘निष्ठा’ प्रशिक्षण ‘दीक्षा’ मंचावर ऑनलाइन आले, १८ घटकसंच घेऊन. सेवेपूर्वीची दोन वर्षांची पदविका वेगळी, हे मान्य. पण ती पदविका घेताना ज्याने स्मार्टफोन पाहिलाही नव्हता, त्या शिक्षकाचे काय? त्याच्या वाट्याला चित्रफीत, प्रश्नावली आणि प्रमाणपत्र. सर्जनशीलतेवरील घटकही तो बहुपर्यायी प्रश्न सोडवून पूर्ण करतो. यातला विनोद कोणाच्या लक्षात येत नाही, याचेच नवल.

१०/ ‘पण डिसले गुरुजी?’ हा प्रश्न येणारच, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिली. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी ते सर्वांना ठाऊक आहेत. मात्र मुलांची घरची भाषा कन्नड असल्याने ते आधी कन्नड शिकले आणि मग पुस्तके नव्याने मांडली, हा क्रम फार थोड्यांना ठाऊक आहे.

११/ आपण कोड घेतला, कन्नड सोडून दिली. कोड आता पाठ्यपुस्तकांत छापलेला असतो. मुलाची भाषा शिकण्यासाठी शिक्षकाला सवड मिळावी, अशी तरतूद मात्र कोणत्याही घटकसंचात नाही.

१२/ म्हणून ढाणकी. उमरखेड तालुक्यातल्या या गावाच्या आसपास बंजारा तांडे आहेत. तिथले मूल घरी गोरबोली बोलते. त्याची आई म्हणजे ‘याडी’. पहिलीच्या वर्गात त्याला ‘आ आईचा’ भेटतो. पुण्यात तयार झालेली चित्रफीत कितीही देखणी असली तरी तिला ही अडचण दिसणार नाही. वर्गात उभ्या असलेल्या बाईंना दिसते. फोन त्यांच्याही हातात आहे आणि तो चालवण्याचे प्रशिक्षण त्यांना नको आहे. तांड्यावरच्या म्हातारीकडून चार गोष्टी ध्वनिमुद्रित करून आणायला, त्यांतून वाचनपाठ रचायला आणि तो फसला तर शेजारच्या शाळेतल्या सरांशी बोलायला त्यांना वेळ हवा आहे.

१३/ तो वेळ ठेवण्याची जागाही आहे. केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरते. तिथे माहितीचे तक्ते भरून घेण्याऐवजी शिक्षकांनी महिन्याभरात स्वतः केलेले पाठ एकमेकांसमोर मांडावेत आणि ते तास त्या ५० तासांत धरावेत. यासाठी नवे यंत्र लागत नाही आणि नवा मंचही लागत नाही. वरच्या कचेरीला आपला एक तक्ता सोडावा लागेल, आणि अडते तिथेच.

१४/ वऱ्हाडातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या गावच्या जुन्या शाळेत १९३८ ते १९४० मधली दप्तरे शिल्लक असतील, तर टकळी आणि सूत यांच्या नोंदी शोधा आणि पानाचे छायाचित्र या धाग्याखाली जोडा. सूत किती निघाले हे बहुधा सापडेल. गुरुजींना किती दिवसांसाठी वर्ध्याला पाठवले होते, ती नोंद सापडली तर आधी ती टाका.