चामखिळीची सुई आणि गोवराची सुई

माझ्या मामेभावाच्या बोटांवर आणि हनुवटीवर मिळून डझनभर चामखिळी होत्या. निकाह ठरलेला, त्यामुळे घाई. आधी मोहल्ल्यातले सगळे इलाज झाले. घोड्याचा केस बांधला, चुना लावला. चुन्याने कातडी भाजली, चामखीळ जागच्या जागी. शेवटी तो त्वचारोगतज्ज्ञाकडे गेला. त्यांनी सर्वांत मोठ्या चामखिळीत एमएमआरची लस टोचली. हो, मुलांना देतात तीच. गोवर, गालगुंड आणि रुबेलाची. दर तीन आठवड्यांनी एक, अशा चार सुया. तिसरीनंतर ज्यांना सुई लागलीही नव्हती, त्या चामखिळीसुद्धा विरू लागल्या.

यात जादू नाही. चामखीळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे येते. तो कातडीच्या वरच्या थरात दडून राहतो, रक्तात उतरत नाही, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना सहसा त्याचा सुगावा लागत नाही. लशीतले विषाणू मात्र शरीराच्या ओळखीचे असतात. ते दिसताच पेशी धावून येतात आणि त्या झडतीत दडलेलाही सापडतो. एकदा ओळख पटली की त्याला दुसऱ्या बोटावरही गाठतात. विजेने जाळले तर फक्त जाळलेलीच चामखीळ जाते. बीसीजीची लसही यासाठी वापरतात. डॉ. जी. पी. तलवार यांनी आपल्याच देशात कुष्ठरोगासाठी विकसित केलेली लससुद्धा वापरून झाली आहे.

पण खरे ते सांगायला हवे. एमएमआर चामखिळीसाठी बनलेली नाही. डॉक्टर ती स्वतःच्या जबाबदारीवर वापरतात. यावरचे बरेचसे अभ्यास लहान आहेत, गुण सगळ्यांनाच येत नाही आणि अनेक चामखिळी, विशेषतः मुलांच्या, वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातात. सुई दुखते, सूज आणि ताप येऊ शकतो. गरोदर बाईला किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्याला ही लस देत नाहीत.

भावाने यातले काहीच विचारले नाही. बाही वर केली आणि मोकळा झाला.

याच घरात नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळेतून गोवर-रुबेला लसीकरणाची चिठ्ठी आली होती. व्हॉट्सॲपवर मेसेज फिरत होता की ही सुई मुलांना पुढे औलाद होऊ देत नाही. मामीने धाकटीला त्या दिवशी घरीच ठेवले. मी तिथेच होतो, गप्प बसलो. चार वर्षांनी गोवंडीत गोवराची साथ आली, मुले दगावली. भिवंडी आणि मालेगावातही गोवर पसरला. वस्त्या कुणाच्या, हे वेगळे सांगायला नको.

जिलेटिनची शंका असेल तर १९९५ मध्ये कुवेतला शंभरावर आलिम आणि वैद्यकतज्ज्ञ बसले होते. मूळ रूप पूर्ण पालटलेले जिलेटिन त्यांनी जायज ठरवले. हनुवटीच्या वेळी ही शंका कुणाला आली नाही, एवढेच माझे म्हणणे. जिथे पुरावा कच्चा, तिथे आपण पैसे मोजून सुई घेतो. जिथे जगभरच्या कोट्यवधी मुलांचा पुरावा आहे आणि सुई फुकट आहे, तिथे आपल्याला साजिश दिसते.

आता आपाचा मुलगा दहा महिन्यांचा झाला. नवव्या महिन्यातला डोस राहिलाय. परवा विषय काढला तर मामी म्हणाल्या, “ती वेगळी सुई, बेटा.” मी भावाची फाइल आणून त्यांच्यापुढे ठेवली, लशीचे नाव वाचून दाखवले. त्या बराच वेळ त्याच्या हनुवटीकडे बघत होत्या. बुधवारी आरोग्य केंद्रात लसीकरण असते. आपासोबत भावालाच पाठवतोय.