परसातली मिरची आणि लाखांचे तिखट

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत मिरचीचे रोप घरोघरी नवे नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर दोन-चार लवंगीची झाडे वाढतात आणि ठेच्याची सोय होते. पण आता भूत जोलोकिया, कॅरोलिना रीपर यांच्या बियाही ऑनलाइन मागवता येतात. कुंडीत लावायला त्या शोभिवंत आहेत. मात्र ही आपली मिरची नव्हे, हे आधी समजून घ्यायला हवे.

तिखटपणा स्कोव्हिल एककात मोजतात. आपली रोजची मिरची काही हजारांत, फार तर लाखाच्या आत असते. आसामच्या भूत जोलोकियाने २००७ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडून गिनीज विक्रम केला. रीपरची सरासरी साडेसोळा लाखांच्या आसपास मोजली गेली आणि २०२३ मध्ये ‘पेपर एक्स’ जवळजवळ सत्तावीस लाखांवर गेली. म्हणजे ‘आम्ही लहानपणापासून खर्डा खातो’ ही फुशारकी इथे उपयोगाची नाही.

मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या, कातडीतल्या आणि डोळ्यांतल्या ज्या ग्राहकाला चिकटते, तो मुळात चटका ओळखण्यासाठी असतो. खरी भाजणूक नसतानाही मेंदूला आगीचा निरोप जातो. या ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. निरोप खोटा असला तरी शरीराचा प्रतिसाद खरा असतो: घाम, उलटी, पोटात पिळवटणे, छातीत धडधड. रीपर खाल्ल्यावर मेंदूच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकुंचन पावून भयंकर डोकेदुखी झाल्याचे एक प्रकरण २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. २०२३ मध्ये अमेरिकेत तिखट चिप खाण्याच्या ‘चॅलेंज’नंतर चौदा वर्षांचा मुलगा दगावला, शवविच्छेदनात त्याच्या हृदयात जन्मजात दोष आढळला. मिरची खाणारा प्रत्येक जण मरतो असे नाही, पण कोणाच्या हृदयात काय दडले आहे ते पैजेआधी कोण तपासतो?

लावायचीच असेल तर थोडा धीर हवा. या जातीचे बी उगवायला दोन ते पाच-सहा आठवडे घेते, माती उबदार लागते. पावसाळ्यात घाटाकडच्या गावांत कुंडीत पाणी साचले की मूळ कुजते, म्हणून ती वळचणीखाली पण उजेडात ठेवावी. पाने आकसून बोकड्या झालाच तर फुलकिडे किंवा कोळी पाहावेत. एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: शेजारी लवंगी असेल तर परागसंकर होऊ शकतो. यंदाच्या फळाच्या तिखटपणात त्याने फरक पडत नाही, पण त्याच्या बियांपासून पुढच्या वर्षी काय निघेल ते सांगता येत नाही. पाण्याचा ताण पडला तर तिखटपणा वाढतो. त्यामुळे पाकिटावरचा आकडा घरच्या फळाला लागू होईलच असे नाही.

तोडताना हातमोजे घालावेत. सर्वाधिक कॅप्सेसिन बियांत नसून बिया ज्यावर चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात असते. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून हातांना आधी तेल चोळावे, मग साबणाने धुवावे. तोंड पेटले तर दूध किंवा दही. दुधातली प्रथिने कॅप्सेसिन जिभेवरून सोडवून नेतात. डोळ्यात गेल्यास चोळू नये, पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. बंद स्वयंपाकघरात ही मिरची भाजू नये, विशेषतः घरात दमेकरी असेल तर.

मुलाने ती खाल्ली तर मुद्दाम उलटी करवू नये. श्वास घ्यायला त्रास, छातीत दुखणे, रक्ताची उलटी किंवा अचानक तीव्र डोकेदुखी असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करावा. पानशेत किंवा भाटघरच्या जलाशयामागच्या वाडीतून रुग्णालय गाठायला वेळ लागतो. तिथे ही मिरची लहान मुलांच्या हाताला लागेल अशा कुंडीत नसलेलीच बरी.