गृध्रकूटाची चढण आणि छातीतला ‘गॅस’

आमच्या भागातून दर हिवाळ्यात बोधगया, राजगीर, सारनाथ अशा सहली निघतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका बसमध्ये मीही होतो. डॉक्टर सोबत आहे म्हटल्यावर मंडळी निर्धास्त होतात. डॉक्टर मात्र तेवढा निर्धास्त नसतो.

राजगीरच्या गृध्रकूटावर भगवान बुद्धांनी अनेकदा वास्तव्य केले. माथ्यावर जुन्या विटांच्या जोत्याचे लहानसे, बिनछपराचे मंदिर आहे. वर जाणारी वाट बिंबिसार राजाची. अर्ध्यावर राजा रथातून उतरून पायी निघे, असे चिनी प्रवासी ह्युएन त्संग लिहून गेला आहे. आज वाट फरसबंद आहे, पण चढ सलग. त्यात सकाळची थंडी, पोटात पुरीभाजी आणि सगळ्यांच्या आधी पोहोचण्याची घाई. हृदयाला याहून वाईट वेळ कोणती?

आमच्यातले एक निवृत्त गुरुजी, वय एकसष्ट, साखरेचे जुने दुखणे. मध्येच थांबून डोंगर बघू लागले. हात छातीवर.

“काही नाही डॉक्टरसाहेब, गॅस धरलाय.”

पाच मिनिटे बसले, बरे वाटले. पुन्हा चालले, तेवढ्याच चढावर पुन्हा छाती आवळली. वाचकहो, गॅसला चढउतार कळत नाही. चढताना छाती, जबडा किंवा डावा हात भरून येणे आणि बसल्यावर थांबणे, हे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे लक्षण समजावे. मधुमेही आणि बायामाणसांत कधी कधी नुसता दम किंवा घामच दिसतो. बसूनही दहा-पंधरा मिनिटांत थांबले नाही तर थेट मोठे रुग्णालय गाठावे, सोडा पीत बसू नये.

गुरुजींना मी हाताला धरून खाली आणले. रागावले माझ्यावर. इतक्या दूर येऊन दर्शन नाही! मग कळले, दोन दिवस त्यांनी रक्तदाबाची गोळी घेतलीच नव्हती. त्या गोळीने लघवीला होते आणि बस थांबत नाही. बसमधल्या चार मावश्यांनीही हेच केले होते. शिवाय पाणीही पीत नव्हत्या. यात दोष रुग्णांपेक्षा सहल काढणाऱ्यांचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दर दोन तासांनी, जिथे बायकांची सोय आहे तिथे, बस थांबलीच पाहिजे. पैसे भरतानाच हे विचारून घ्या.

याच डोंगराच्या पायथ्याशी बुद्धांचे वैद्य जीवक यांचे आम्रवन होते. भिक्षू गोडधोड खाऊन सुस्तावलेले पाहून जीवकांनी त्यांच्यासाठी चंक्रमणाची, म्हणजे येरझारा घालण्याची, परवानगी बुद्धांकडे मागितली, असे विनयपिटकात आहे. आम्ही डॉक्टर आज तेच सांगतो आणि लोक टॉनिक मागतात. सहलीच्या दीड महिना आधीपासून रोज अर्धा तास चाला. चाळिशी उलटलेल्यांनी आधी तपासून घ्या. चढताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलणे तुटले की थांबा.

गावी आल्यावर गुरुजींचा ईसीजी नॉर्मल निघाला. “बघा, गॅसच होता!” पण बसल्या जागी काढलेला ईसीजी असा फसवू शकतो. पट्ट्यावर चालवून केलेल्या तपासणीत दोष सापडला आणि गेल्या वर्षी स्टेंट बसला. परवा दवाखान्यात आले ते पुढच्या सहलीचे विचारायला. हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी खिशातच होती. मी म्हटले, खुशाल जा, पण रोपवेने १९६९ सालच्या शांतिस्तूपापर्यंत वर जा आणि तिथून उतरत गृध्रकूटावर या. शेवटच्या पायऱ्या तेवढ्या सावकाश चढा.

“आणि गोळी?” मी विचारले.

“बसवाल्याला आधीच सांगून ठेवलंय,” म्हणाले.